पनीर बटर मसाला घरी होत नाही? कोण म्हणतं!

‘हॉटेलसारखा पनीर बटर मसाला घरी होणं शक्यच नाही’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. कारणं चार: रंग कृत्रिम, मऊपणा भरमसाट क्रीमचा, चव अजिनोमोटोची, वास तंदूरचा.

रंगाचं आधी. काही हॉटेलं रंग घालतात, हे खरं. पण गरज नसते. काश्मिरी मिरचीचा लाल रंग स्निग्धात उतरतो, पाण्यात नाही. तिखट वरून भुरभुरलं की ग्रेव्ही फिकट राहते. 2 टेबलस्पून बटर, 1 चमचा तेल, मंद आच, 2 चहाचे चमचे तिखट. दहा सेकंदांत टोमॅटोची प्युरी (कृती खाली) ओता. उशीर झाला की तिखट करपून कडू होतं.

मऊपणा क्रीमचा नाही, गाळणीचा आहे. चौघांसाठी अर्धा किलो लालबुंद टोमॅटो, 15-20 काजू, इंचभर आलं, 5-6 लसूण पाकळ्या, 2 वेलदोडे आणि वाटीभर पाणी झाकून 15 मिनिटं शिजवा. पूर्ण निवू द्या. गरम वाटलं तर वाफेनं मिक्सरचं झाकण उडतं. वाटलेलं बारीक गाळणीतून पळीनं दाबत गाळा. चोथ्यात टोमॅटोची सालं, बिया आणि वेलदोड्याची टरफलं उरतात, घरच्या ग्रेव्हीतला रवाळपणा त्यांचाच. मग तिखटाच्या बटरमध्ये 10-12 मिनिटं, कडेनं बटर सुटेपर्यंत आटवा. फटफट उडते, अर्धवट झाकण ठेवा. क्रीम 3 टेबलस्पून पुरे, तेही गॅस बंद केल्यावर. आंबट उकळत्या ग्रेव्हीत ते फाटतं.

अजिनोमोटो? तो चायनीजच्या गाडीवर शोधा. त्यातलं चव वाढवणारं ग्लुटामेट टोमॅटोत मुळातच असतं. ग्रेव्ही सपक लागली तर मीठ बघा, आंबट लागली तर चमचाभर साखर, आणि शेवटी चुरडलेली कसुरी मेथी.

राहिला तंदूर. या भाजीतलं पनीर सहसा तंदुरात जातच नाही. मिठाच्या गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवलेले तुकडे शेवटची 2 मिनिटं ग्रेव्हीत सोडा. तळून मग उकळत ठेवले की चिवट होतात. धुराचा वास हवाच असेल तर भाजीत छोटी वाटी ठेवून त्यात लाल निखारा, वर अर्धा चमचा तूप, झाकण. 2-3 मिनिटांत वाटी काढा, नाहीतर धुराचा कडवटपणा भाजीत उतरतो.