दिवाणखान्यातलं अळू

मॉन्स्टेरा म्हणजे मोठ्या, भोकाभोकांच्या पानांचा अळूचा श्रीमंत चुलतभाऊ. मूळ गाव दक्षिण मेक्सिको ते पनामाचं पर्जन्यवन, आणि पिढीजात धंदा झाडांच्या खोडांवरून वर चढत जाण्याचा. त्याला आपण सोफ्याशेजारी कुंडीत उभं करतो आणि रोज पाणी पाजतो. साडेसाती तिथून सुरू.

हा बहुधा पाहुणचारानेच मरतो. मुळांना हवा लागते. लाल मातीने ठासलेल्या कुंडीत ती मिळत नाही, मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात. पिवळं पान बघून आपण काय करतो? अजून एक तांब्या! चार भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग नारळाच्या सोडणाचे पेराएवढे तुकडे, दोन भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके खडे), एक भाग गांडूळखत, असं मिश्रण भरावं. पाण्याआधी बोट दोन पेरं आत खुपसावं. ओल लागली तर तांब्या मुकाट्याने परत ठेवावा. पावसाळ्यात हा मोह आठ-दहा दिवससुद्धा आवरावा लागतो.

मग येतो प्रश्न, “भोकं कधी पडणार?” पान गुंडाळीत असतानाच त्याचा निकाल लागलेला असतो. उघडलेल्या अखंड पानाला पुढे भोक पडत नाही. पडलंच तर पान उलटून अळी शोधावी. रोप वयात आलं आणि उजेड भरपूर असला, की पुढची पानं भोकं घेऊनच येतात. पूर्वेची खिडकी उत्तम, पश्चिमेचं दुपारचं ऊन पान करपवतं.

आधाराला बांधताना देठ कधी बांधू नये, खोड बांधावं. देठाला पानाजवळ कोपरासारखा सांधा असतो आणि त्यावर पान उजेडाकडे वळतं. म्हणजे शोभा सगळी खिडकीबाहेरच्यांना, पाहुण्यांना पाठ! हवेतली मुळं फुटतात त्या अंगाला शेवाळाचा खांब रोवावा आणि तो ओला ठेवावा. कोरड्या खांबाला मुळं विचारत नाहीत.

“एक पान दे ना, लावते,” म्हणणाऱ्या मावशींना नुसतं पान देऊ नये. पाण्यात ते महिनोन्महिने हिरवं राहील, पण झाड होणार नाही. खोडाचा पेरासकट, म्हणजे पान फुटतं त्या गाठीसकट, तुकडा हवा, हवेतलं मूळ असलेला असला तर फारच छान.

आणि हो, वंश अळूचा, त्यामुळे खाजही घराण्याचीच. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. मांजर नि रांगतं मूल दूर ठेवावं. फदफद्यात चिंच घालून आपण अळूला वठणीवर आणतो. याच्या फळाच्या बाबतीत ते काम वेळच करतो. पिकायला वर्षभर लागतं, आणि वरचे षटकोनी खवले आपोआप गळतील तेवढाच भाग खायचा. चव अननस-केळ्याची. फ्लॅटमध्ये फळ धरणं दुर्मिळच. तोवर अळूवडी आहे.