तेच असतं हो मॅडम

घरात आजीचं एखादं जुनं लाकडी सामान पडून असेल आणि या सुट्टीत ते आपल्या हातांनी 'रिस्टोर' करायची सुरसुरी आली असेल तर सगळ्यात आधी एक करा, त्या सामानाकडे बघूच नका. लाकूड कुठलं, वर पॉलिश आहे का ऑइल पेंट, थर किती, ही असली चौकशी म्हाताऱ्या मिस्त्री लोकांनी करायची. आपण फोन उघडायचा. त्यात एक मुलगी पांढऱ्याशुभ्र कपड्यात (हो, पांढऱ्या) तीस सेकंदात काळंकुट्ट टेबल पिस्ता रंगाचं करते, कपड्यावर एक थेंब उडत नाही, वर लिहिलेलं असतं 'नो सँडिंग नो प्रायमर' आणि खाली कूपन कोड. झाली तुमची सामानाची यादी.

मी असंच केलं. आजीचं जाळीचं कपाट होतं माझ्याकडे. ज्यांच्या घरी होतं त्यांना सांगायला नको, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, वरच्या फळीवर दूध, मधल्यावर विरजण आणि तूप, आणि सगळ्यात खाली कांदे, कारण तिथपर्यंत आमचा हात पोचायचा. अस्सल सागवान, पण दर चार-पाच वर्षांनी दिवाळीच्या आधी कुणीतरी त्याला ऑइल पेंट फासलेला. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली साय-पिवळा. त्यावर मी चॉक पेंट मागवला. हा प्रकार १९९० मध्ये अ‍ॅनी स्लोन नावाच्या इंग्लंडातल्या बाईंनी काढला, आता ज्यात म्हणून खडूची पावडर पडते ते सगळं आपल्याकडे चॉक पेंट झालंय. डबी आली ती लोणच्याच्या सॅम्पलएवढी. सोबत ब्रश, त्याचे केस माझ्यापेक्षा जास्त गळत होते.

रंग सुंदर बसला. फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, मावशीने तीन हृदयं पाठवली. अकराव्या दिवशी दार उघडताना नख लागलं आणि हाताएवढा पापुद्रा अलगद सुटून आला, उन्हात वाळलेल्या पापडासारखा. खाली हिरवा ऑइल पेंट जसाच्या तसा, चकचकीत, हसतोय.

तर पुढची टीप, पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा तितका पेपर भारी असं समजून चला आणि ऑनलाइन मिळणारा मिक्स पॅकच घ्या. माझ्या पॅकमध्ये ४०० पासून ३००० पर्यंत सगळे होते. ३००० नंबर इतका बारीक की त्याने गाडीचा रंग चमकवतात, लाकडावर घासला तर लाकडाला गुदगुल्या होतात. ८०, १२०, २२० हे तीन कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे सुटे मिळतात म्हणे, पण सुट्या वस्तूला अनबॉक्सिंग कुठे असतं.

पितळी बिजागऱ्या भंगारात द्या आणि सोनेरी मुलाम्याच्या नव्या आणा, सहा महिन्यांत गंजल्या की आणखी नव्या आणता येतात.

डिकूपाजसाठी, म्हणजे कागदाची चित्रं सामानावर चिकटवायची, आयफेल टॉवरचेच नॅपकिन घ्या. आजी पंढरपूरच्या पुढे गेली नव्हती, आता जाऊ दे.

आणि 'शॅबी शिक' विसरू नका. म्हणजे आधी पन्नास वर्षं जुनं कपाट नवं करायचं आणि मग ते जुनं दिसावं म्हणून कोपरे घासायचे. हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

पॉलिश करायचं असेल तर ऐन पावसाळ्यात करा. हवा ओली असली की मेलामाइन, लॅकर असली चकचकीत पॉलिशं वाळता वाळता वर पांढरं धुकं धरतात, घरबसल्या महाबळेश्वर.

आता खरेदी. पुण्याच्या बोहरी आळीत जा. रविवार पेठेत चालायला जागा नाही, स्कूटर लावायला तर नाहीच, त्यामुळे तुम्ही दुकानात पोचता तेव्हाच अर्धे हरलेले असता. काउंटरवर गर्दी करून सगळे पेंटर, त्यात तुम्ही एकट्या बाई, हातात यादी. मी म्हटलं, दादा ऑइल पेंटमध्ये घालायला टर्पेंटाईन द्या. (पापुद्रा प्रकरणानंतर मी शहाणी झाले होते, ठरवलं होतं की ऑइल पेंटवर ऑइल पेंटच देऊ.) त्याने न बघता खालून एक बाटली काढली. पाण्याची बाटली! लिटरची, पिण्याच्या पाण्याची, वरचं लेबल अर्धं फाडलेलं, आत पाण्यासारखंच काहीतरी. मी म्हटलं हे टर्पेंटाईन आहे ना? थिनर नको. तो म्हणाला, 'तेच असतं हो मॅडम.' मी म्हटलं तेच नसतं. तो म्हणाला, 'सगळे पेंटर हेच नेतात,' आणि मागच्या माणसाशी बोलायला लागला. आणि मी पैसे दिले. शिकलेली, यादी घेऊन गेलेली बाई, मी पैसे दिले आणि घरी आले, कारण मागे रांग होती आणि स्कूटर नो पार्किंगमध्ये होती.

तेच नसतं! टर्पेंटाईन मवाळ असतं, ऑइल पेंट पातळ करतं आणि खालच्या थराच्या वाटेला जात नाही. लॅकरचं थिनर खालचा जुना ऑइल पेंट उचलून काढतं. मी दाराला एक हात मारला, चहा ठेवायला आत गेले, परत येऊन बघते तर दारभर सुरकुत्या, तापवलेल्या दुधावर साय धरते तशा. ज्या कपाटात आयुष्यभर दूध ठेवलं त्याच्या दारावर मी साय आणली. बोटाने ढकलली तर हिरवा, निळा, पिवळा सगळे एकदम सरकले. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन दुकानात गेले तर तो म्हणतो, 'तुम्ही थिनरच मागितलं असेल.' पावती? पावती नाही. जीएसटीचं बिल हवं असेल तर आधी सांगायचं होतं मॅडम. बाटलीवर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही, पेट घेणारी वस्तू आहे असा इशारा नाही, आणि पाण्याची बाटली, उद्या घरात कुणी लहान मूल तोंडाला लावेल, हे त्या माणसाला सांगितलं तर तो हसला.

आता टीप वगैरे राहू दे.

जुना रंग कोरडा घासू नका. खरंच सांगते, गंमत नाही. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखात नव्वद भागांच्या) आत हवं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दिवाळ्यांना फासलेल्या रंगात किती शिसं आहे कुणाला माहीत, आणि तुम्ही ते हॉलमध्ये पोरांच्या शेजारी बसून पावडर करताय, तोंडाला ओढणी बांधून! वॉटर पेपर घ्या, ओला करून घासा, चांगला मास्क लावा, पोरांना दुसरीकडे पाठवा. जवसाचं तेल लावलंत तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. एकेक पसरून बाहेर वाळू द्या. एवढी कूपन कोडवाली रील्स बघितली मी, एकीतही हे नाही. एकीतही!

आणि खाली काय आहे ते बघायला काय लागतं हो? कापसाचा बोळा आणि स्पिरिट. कपाटाच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी मिनिटभर चोळा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, मग चपडा लाख आणि स्पिरिट आणा, रात्रभर विरघळवा, कापडाच्या पुरचुंडीने हात मारा, जुन्यात नवी लाख मिसळून जाते, खरवडायचीही गरज नाही. स्पिरिटने हललं नाही आणि थिनरने विरघळलं तर लॅकर. थिनरने सुरकुतलं तर ऑइल पेंट. ही परीक्षा मी पण केली म्हणायची, फक्त मागे बोटभर न करता पुढच्या अख्ख्या दारावर केली. पाच मिनिटांचं काम. हे विकणाऱ्याने विचारायला नको? औषधाच्या दुकानात निदान 'कुणासाठी पाहिजे' एवढं तरी विचारतात. आणि त्या रीलवाल्यांनो, टेबल रंगवल्यावर अकराव्या दिवशीचा व्हिडिओ टाका की एकदा. नाही टाकणार, कारण तोवर दुसऱ्या कंपनीची डबी आलेली असते.

कपाट आता गॅलरीत आहे. डावं दार मी खरवडून मोकळं केलं, तीन रविवार गेले, खाली सागाच्या रेघा इतक्या सुंदर आहेत की रंग कशाला फासला होता हेच कळेना. उजवं अजून सुरकुतलेलं. आई येऊन बघून गेली, म्हणाली, 'हिरवं काय वाईट होतं?'

आणि ती बाटली आहे अजून, पाऊण भरलेली, मी वर स्केचपेनने मोठ्ठं 'थिनर' लिहून ठेवलंय. कुणाला हवी असेल तर घेऊन जा.