मार्गदर्शक म्हणजे रेक्टरचा कान?

नमस्कार. सेमिनरीबद्दल, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू जिथे घडवले जातात त्या संस्थेबद्दल, मी जे लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. घंटेबरहुकूम प्रार्थना करायला लावली की भक्ती येत नाही, नाटक येतं. आणि मी ज्याचं कौतुक केलं तो सेमिनरीतला आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणजे रेक्टरचा, सेमिनरीच्या प्रमुखाचा, कान: विद्यार्थ्याचं ऐकून वर पोहोचवणारा.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे नियम तुमच्या विरोधात आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्याचं कलम २४० सांगतं की एखाद्याला दीक्षा द्यायची की घरी पाठवायचं हे ठरवताना मार्गदर्शकाचं आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचं मत कधीही विचारता येत नाही. 'शक्यतो नको' असं नव्हे, कधीही नाही. कलम ९८५ तर रेक्टरला आपल्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदनही ऐकू देत नाही. एखाद्या वेळी विद्यार्थ्यानंच आपणहून विनंती केली तर गोष्ट वेगळी. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाची मिळून किमान सहा वर्षं ज्याचं वागणं-बोलणं पारखलं जातं, त्याच्यासाठी एक खोली अशी राखलेली असते. 'फादर, मला प्रार्थनाच होत नाही' हे तो आणखी कुठे म्हणणार?

खरं तर तुम्ही बोट ठेवायला हवं होतं ते याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूवर. समोरचा मुलगा या जीवनासाठी नाही हे मार्गदर्शकाला स्वच्छ दिसलं, तरी तो रेक्टरकडे जाऊ शकत नाही. 'बाबा रे, तूच थांब' एवढंच त्याला सांगू शकतो. मुलानं नाही ऐकलं तर? तोंड बंद. म्हणून त्या खोलीबाहेरच्यांनी आपले डोळे उघडे ठेवायचे: हा स्वयंपाकघरातल्या माणसांशी कसा बोलतो, पैसे कसे हाताळतो, राग आला की काय करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये मानवी घडण हा सगळ्या प्रशिक्षणाचा पाया म्हटला, तो मला इथे पटतो. नुसत्या गुडघे टेकण्यावरून माणूस कळत नाही.

नाटकाचं म्हणाल, तर अर्धं मान्य. रोजचा मिस्सा (चर्चची मुख्य उपासना), ब्रेव्हियरी (दिवसाच्या ठरावीक वेळच्या प्रार्थनांचं पुस्तक), मनन, वर्षातून एकदा रिट्रीट (प्रार्थनेसाठी एकांताचे दिवस), हे सगळं वेळापत्रकात बसतं आणि वेळापत्रक पाळता येतं. 'सेमिनरी प्रार्थना शिकवते' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाकतो. खरी परीक्षा सुट्टीत. घरी घंटा वाजत नाही, तेव्हा ब्रेव्हियरी उघडली का? पुढे धर्मग्रामात, म्हणजे नेमून दिलेल्या चर्चच्या परिसरात, एकट्यानं राहायचं तेव्हाही ती वाजणार नाहीच.

तुमच्या ओळखीच्या मुलाचं खोलीतलं बोलणं वरपर्यंत पोहोचलं, असं तुम्ही लिहिलं आहे. तसं झालं असेल तर तो विश्वासघात आहे, पद्धत नव्हे. त्याला एवढं जरूर सांगा: बिशपांनी या कामासाठी नेमलेल्या दुसऱ्या धर्मगुरूंकडे जायची मोकळीक कलम २३९ त्याला देतं, आणि तसं करण्यात कुणाचा अपमान नाही.