हरीण मारतोस, मग कायोटीची दया कसली?

हा प्रश्न मला गेल्या आठवड्यात दोनदा ऐकावा लागला. (कायोटी म्हणजे इकडचा, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला जंगली प्राणी.) एकदा इंग्रजीत, आमच्या हंटिंग क्लबच्या मीटिंगमध्ये. एकदा मराठीत, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पुढे तीन हसऱ्या इमोजींसकट. तिथे चार ओळींत उत्तर देणं जमेना म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी सोलापूरकडचा, एकवीस वर्षं पेनसिल्व्हेनियात. ग्रीन कार्ड झाल्यावर ऑफिसातल्या एका रिटायर व्हायला आलेल्या सहकाऱ्याने मला शिकारीला नेलं, त्याला आता बारा सीझन झाले. आम्ही सतरा जणांनी मिळून डोंगरउतारावरची एक जागा शिकारीसाठी भाड्याने घेतली आहे. खाली एक मेंढीवाला, वर ओकचं जंगल, मधून एक ओढा. फ्रीझरमधलं मटण मी दुकानातून आणत नाही. मंडळाच्या पॉटलकला गेल्या वर्षी ज्यांनी दोनदा वाढून घेतलं ते सुकं कशाचं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तर क्लबची तक्रार अशी की दोन वर्षं हरणं कमी दिसतात आणि ट्रेल कॅमेऱ्यावर (रानात झाडाला बांधलेला, आपोआप फोटो काढणारा) कायोटी मात्र रोज. म्हणून ठराव आला: फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार स्पर्धा घ्यायची. माणशी पन्नास डॉलर, सगळ्यात वजनदार कायोटी आणेल त्याला जमलेले सगळे पैसे. कायद्याची काही अडचण नाही, या राज्यात कायोटी वर्षभर मारता येतो, कितीही. मी विरोधात हात वर केला. खोलीत एकदम शांतता.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. मूळचा पश्चिमेकडच्या माळांवरचा. इकडचे लांडगे माणसांनी एकोणिसावं शतक संपेपर्यंत संपवले, त्या रिकाम्या जागेत हा गेल्या शतकात सरकत सरकत आला. वाटेत लांडग्यांशी आणि कुत्र्यांशी संकर झाला, त्यामुळे पूर्वेकडचा कायोटी अंगाने थोराड. आता हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. सरकारी शिकारी दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मारतात, खाजगी वेगळे. तरी आहे तो आहेच.

आता ऑक्टोबरमधली गोष्ट. ही मी क्लबमध्ये सांगितली होती, पण ती लोकांनी भलतीकडेच नेली.

क्रॉसबोचा, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायच्या धनुष्याचा, सीझन होता. मी ओकवरच्या मचाणावर, दिवस मावळत आलेला. हरणाची मादी आली, तीस यार्डांवर थांबली. मी नेम धरला, श्वास सोडला, आणि माझं बोट दाबलं जायला आणि तिने पाऊल पुढे टाकायला एकच गाठ पडली. छातीत लागलं की हरीण उधळतं. ही उधळली नाही. पाठ कमानीसारखी वाकवून, कुणाच्या पोटात कळ आल्यावर माणूस चालतो तशी, हळूहळू झाडीत गेली. तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

खाली उतरून बाण शोधला. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर कलेजी. माझ्या बाणावर हिरवट चोथा होता. नाकाशी नेला तर वजडी धुताना येतो तो वास. म्हणजे आतडी.

अशा वेळी मागे लगेच जायचं नाही. गेलं तर घाबरून ती मैलभर पळते, रक्त फारसं सांडत नाही, आणि कुठेतरी मरते ती सापडतच नाही. आठ-दहा तास थांबायचं. जवळच कुठेतरी आडवी होते आणि तिथेच मरते. मी थांबलो. केबिनमध्ये जागाच होतो. रात्री दोनच्या सुमारास ओढ्याकडून कायोटींचा कालवा सुरू झाला, दोनच असतात पण दहा असल्यासारखे ओरडतात, आणि मला कळलं.

सकाळी ती ओढ्याच्या कोरड्या पात्रात मिळाली, मचाणापासून दोनशे पावलांवर. मागचे दोन्ही पाय साफ, पोट उघडं, भोवती दवात पडलेले केस. मान आणि एका बाजूचा फरा तेवढा शिल्लक. मी टॅग लावला (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी, एका हरणाला एक), राज्याकडे रिपोर्ट केला. क्लबमधला एक जण म्हणाला, कशाला टॅग वाया घालवतोस, कायोटीने खाल्लं, तू दुसरं मार. चांगला माणूस आहे तो, मनापासून म्हणत होता. पण तिला मारलं मी होतं. कायोटींनी फक्त ती माझ्याआधी शोधली.

मीटिंगमध्ये याच गोष्टीचा पुरावा झाला: बघा, कायोटी आपली हरणं चोरतात. अरे, चोरतात काय? माझा बाण चार इंच पुढे लागला असता तर ती शंभर यार्डांत पडली असती आणि अंधार पडायच्या आत सोललीही असती.

बरं, पाडसांचं काय? कायोटी पाडसं खातात, खूप खातात, यात वाद नाही. साउथ कॅरोलायनात सॅव्हाना रिव्हर साइटवर संशोधकांनी पाडसांना रेडिओ कॉलर लावून मोजलं. तिथे मेलेली बहुतेक पाडसं कायोटींनीच नेली होती. मग त्यांनी तीन वर्षं ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणारे, नेमून शेकडो कायोटी काढले. पहिल्या वर्षी पाडसं दुपटीने जगली. दुसऱ्या वर्षी, तेवढेच कष्ट करून, आकडा पुन्हा मूळ पदावर. तिसऱ्या वर्षी परत वर. त्यातून हमी कसली देणार? कारण एक जोडी मारली की तिच्या हद्दीत शिरायला बिनघरचे तरणे कायोटी टपलेलेच असतात. आणि ते धंदेवाईक ट्रॅपर होते, आमच्यासारखे रविवारचे वीर नव्हेत.

आमच्या राज्यातला अभ्यास तर क्लबमध्ये कुणाला सांगवत नाही. २००० च्या सुमारास इथेही पाडसांना कॉलर लावल्या होत्या. काळ्या अस्वलांनी जवळपास कायोटींइतकीच पाडसं मारली होती. अस्वलांची स्पर्धा घ्या म्हणून कुणी ठराव आणत नाही, कारण अस्वल सगळ्यांना आवडतं. त्याला सीझन आहे, लायसन्स आहे, मान आहे.

शिवाय फेब्रुवारीच का? पाडसं जन्मतात मेअखेर-जूनमध्ये. त्यांच्यासाठीच काही करायचं तर त्याच्या तोंडावर करायला हवं. फेब्रुवारीत मारलेल्या कायोटीची जागा जूनपर्यंत भरूनही गेलेली असते. फेब्रुवारी यासाठी की हरणांचा सीझन संपलेला असतो, घरी बायको-पोरं कंटाळलेली असतात, बर्फात माग दिसतो आणि बिअर थंड राहते. मजा करायची आहे, तर मजा म्हणा. हरणांचं नाव कशाला पुढे करता? कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसाच्या स्पर्धा बंद केल्या, शेजारच्या न्यूयॉर्कने २०२३ मध्ये. इथे चालू आहेत.

१९०० च्या आसपास या राज्यात हरीण जवळजवळ उरलं नव्हतं. मारलं कुणी? कायोटी तेव्हा इथे नव्हताच. माणसांनी, बाजारात विकायला. मग १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागली. आज मी जे बारा सीझन मिरवतोय ते त्या लोकांनी घालून घेतलेल्या बंधनांवर: सीझन, टॅग, एका टॅगवर एकच हरीण. हरीण मारताना मला हे सगळं पाळावं लागतं, आणि मी ते खातो. कायोटीला सीझन नाही, टॅग नाही, आणि आमच्यात कातडी काढता येणारा एकच माणूस आहे. बाकीचे वजनकाट्यावर टांगून फोटो काढणार आणि खड्ड्यात ढकलणार. ग्रुपवरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. दया वगैरे काही नाही.

कायोटी मारूच नये असंही मी म्हणत नाही. खालच्या मेंढीवाल्याने गेल्या वसंतात चार कोकरं गमावली आणि गोठ्याशी आलेला एक कायोटी मारला. मी त्याच्या जागी असतो तर मीही मारला असता. आमच्या गावाकडे रानात खतासाठी मेंढरं बसवायचे, तेव्हा लांडग्याने कोकरू नेलं की धनगर रात्रभर शिव्या घालायचे, कुत्री सोडायचे, दिवट्या घेऊन धावायचे. तो त्यांच्या पोटावरचा घाव होता. पण सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, पुन्हा बांधायला घ्यायचे. सगळ्यात मोठा लांडगा कोण आणतो याच्या पैजा मी तरी ऐकल्या नाहीत.

ठराव अकरा विरुद्ध सहा मतांनी पास झाला. मी धरून सहा, म्हणजे मला वाटलं त्याहून पाच जास्त. क्लब सोडणार नाही. त्याऐवजी ओढ्याच्या कडेची दोन एकर जागा न कापता वाढू द्यावी, म्हणजे पाडसांना लपायला जाळी होईल, असं मी सुचवलंय. त्यावर चर्चा एप्रिलमध्ये, कारण त्यात बक्षीस नाही.

येत्या शनिवारी मी मेंढीवाल्याकडे कुंपण ताणायला जाणार आहे. त्याने राखणीला एक लामा (उंटाच्या कुळातला, लोकरीचा प्राणी) आणलाय, कळपात अनोळखी कुत्रं किंवा कायोटी शिरला की अंगावर जातो म्हणे. कायोटीचं अजून माहीत नाही. गेल्या रविवारी मी फाटकातून आत शिरलो तर माझ्या जॅकेटवर थुंकला.