आधी यादी, मग शाई

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर एक वाद ठरलेला असतो. आधार, पॅन, लायसन्स सगळं हातात घेऊन विशी-बाविशीतला मुलगा विचारतो, "एवढी ओळखपत्रं आहेत, मग मत का नाही देऊ देत?" टेबलावरचा कार्यकर्ता यादीची पानं पुन्हा पुन्हा उलटत बसतो. ओळखपत्रावरून तुम्ही कोण ते कळतं. मत द्यायला यादीत नाव लागतं, आणि ते त्या दिवशी घालता येत नाही. मुलगा घरी जातो, संध्याकाळी टीव्हीवर तरुणांच्या उदासीनतेवर चर्चा झडते.

उदासीनता आहे, नाही असं नाही. पण पोरांची बरीचशी मतं तारखा आणि फॉर्ममध्ये मरतात, हे त्या चर्चेत कुणी बोलत नाही.

२०२४ ची विधानसभा घ्या. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर आणि मतदान २० नोव्हेंबर. कायद्यानुसार उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नाव घालता येत नाही. तुमच्या अर्जावर हरकती मागवायला सात दिवस जातात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दहा दिवस आधी तो पोचलेला असावा लागतो. म्हणजे १९ ऑक्टोबर. घोषणा आणि दार बंद होणं यात चार दिवस! 'मतदान करा' म्हणणाऱ्या नटनट्यांच्या जाहिरातींचा पूर येतो तो नोव्हेंबरात. तेव्हा ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यासाठी त्या जाहिराती बिनकामाच्या असतात.

त्यामुळे नोंदणी निवडणूक नसताना करायची. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असावे लागत. २ जानेवारीला अठरावं पूर्ण झालं की वर्षभर थांबा. २०२२ पासून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. बारावीचा फॉर्म भरताना हाही भरून टाकावा.

आता फॉर्म. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

आयुष्यात पहिल्यांदा नाव घालायचं तर नमुना ६. पत्ता बदलला, नाव चुकलं, फोटो बदलायचा, कार्ड हरवलं, तर नमुना ८. नाव काढायचं किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायची तर नमुना ७. बीडचा मुलगा पुण्यात नोकरीला येतो, यादीत नाव गावाकडे असतं, आणि तो पुण्यात नवीन नमुना ६ भरतो. त्या फॉर्मवर 'माझं नाव इतर कुठे नाही' असं प्रतिज्ञापन असतं, ते तो न वाचता सही करतो. खोटं प्रतिज्ञापन हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तुरुंगात कुणी जाताना दिसत नाही, पण दुबार नाव सापडलं की नेहमी नको तेच नाव उडतं आणि हवं ते राहतं असं होत नाही, दोन्हीकडे धावाधाव होते. अशा वेळी नमुना ८ मध्ये 'स्थलांतर' निवडायचं. कार्डाचा क्रमांक तोच राहतो आणि गावाकडचं नाव निघतं.

वसतिगृहात राहणाऱ्यांना निवड आहे. गावच्या पत्त्यावर नाव ठेवा, किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर घाला. त्यासाठी संस्थाप्रमुखाचं पत्र लागतं. दोन्हीकडे ठेवता येत नाही. माझं म्हणणं, वर्षातले दहा महिने जिथे राहता, ज्या रस्त्यावरून सायकल चालवता, तिथलं नाव असावं. गावच्या सरपंचकीत लक्ष असेल तर मात्र गावचंच ठेवा.

पत्त्याचा पुरावा स्वतःच्या नावाचा नाही म्हणून बरेच जण अडतात. त्याच पत्त्यावर आई किंवा वडील मतदार असतील तर त्यांच्या नावाचं लाइटबिल चालतं. ऑनलाइन भरताना इंग्रजीत नाव टाईप केलं की शेजारच्या मराठी रकान्यात ते आपोआप उमटतं, आणि काळेचा काले, पाटीलचा पटिल होतो. छापील यादीत अक्षरानं शोधणाऱ्याला तो पटिल सापडत नाही. तो रकाना हातानं दुरुस्त करायचा, वडिलांच्या नावाचाही.

अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळतो. लोक तिथेच थांबतात. पुढे बीएलओ, म्हणजे तुमच्या भागाचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी पडताळणीला येतात. हे बहुतेकदा झेडपीचे शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचे कर्मचारी असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात. दुपारी दोनला आले, घराला कुलूप, फोन लागला नाही, तर अर्ज 'अर्जदार आढळला नाही' म्हणून बाद होऊ शकतो. म्हणून बीएलओचा नंबर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून किंवा १९५० या हेल्पलाइनवर फोन करून काढा आणि आपणच फोन करा. अर्ज चुकीच्या कारणानं फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, हे फार कुणाला माहीत नसतं.

एकदा नाव आलं म्हणजे कायमचं आलं, असंही नाही. पुनरीक्षणात, म्हणजे यादीच्या फेरतपासणीत, नावं गळतात. गोव्यात नोव्हेंबर २०२५ पासून विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा बीएलओनं दिलेला गणना अर्ज भरून परत न देणाऱ्यांची नावं प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीतच आली नाहीत. प्रारूप यादी लागली की नाव बघणं, हे दर वर्षाचं काम समजा. घरातल्या सगळ्यांचं बघा, आजीचंसुद्धा.

महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत यांचं गणित थोडं निराळं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच असते. एक तारीख ठरवून ती यादी गोठवतात आणि प्रभागवार फोडतात. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्याला जानेवारीत मत नव्हतं. हे मला पटत नाही. मुंबई महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट २०२६ ला झाली. इतकी वर्षं वाट बघितलेल्या पिढीसाठी यादी आणखी तीन महिने पुढची घेता आली असती. पण नियम आहे तो असा, आणि तो आधी माहीत असलेला बरा. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती 'माझं नाव चुकीच्या प्रभागात गेलं' किंवा 'विधानसभेच्या यादीत आहे, इथे गळलं' अशा चुकांपुरती. नवीन नाव तिथे घालता येत नाही.

मुंबई सोडून बाकी महापालिकांत बहुसदस्य प्रभाग असतात, बहुतेक ठिकाणी चार जागांचे. चार मतं द्यायची असतात. एक बटण दाबून निघालात तर यंत्र शेवटचा लांब आवाज करत नाही आणि केंद्राध्यक्ष मागून हाक मारतात. एखाद्या जागेसाठी कुणीच नको असेल तर त्या जागेचं नोटाचं बटण दाबायचं. या निवडणुकांत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, हेही नसतं, त्यामुळे चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळ घालू नका.

नोटाबद्दलही एक सांगायला हवं. विधानसभा-लोकसभेत नोटाला कितीही मतं पडोत, निकाल बदलत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं घेऊन. निवडून यायचा तो आलाच. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक होते. राग काढायचाच असेल तर कुठे काढल्यावर परिणाम होतो, एवढं तरी बघून काढावा.

आणि 'एका मतानं काय होतंय' याला उत्तर म्हणून चार निकाल. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभा ४८ मतांनी ठरली. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी. २०१७ ला मुंबईच्या एका प्रभागात तर दोघांना सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला. एका वसतिगृहात याहून जास्त पोरं राहतात.

मतदानाच्या दिवसाचं थोडक्यात. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून डिजिलॉकरवर विसंबू नका. खरं कार्ड खिशात हवं. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक यांतलं काहीही चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. कामावरून सुटी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, पगारी सुटी, आणि मतदारसंघ दुसऱ्या गावात असला तरी.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडून परत फिरू नका. 'प्रदत्त मत' मागा. प्रश्न विचारून तुमची ओळख पटली की केंद्राध्यक्षांना कागदी मतपत्रिका द्यावीच लागते. ती वेगळ्या लिफाफ्यात जाते, नेहमीच्या मोजणीत येत नाही, पण निकाल न्यायालयात गेला तर तोच पुरावा असतो. आणि तुमच्या नावानं बोगस मत पडल्याची नोंद राहते.

इथपर्यंत मतदार झालात. राजकारण याच्या पुढे सुरू होतं, आणि ते भाषणानं सुरू होत नाही.

ज्याला शिकायचंय त्यानं एकदा मतदान प्रतिनिधी म्हणून दिवसभर बूथवर बसावं. कुठल्याही पक्षाचा किंवा अपक्षाचा बसा. उमेदवाराला प्रत्येक बूथला माणूस हवाच असतो आणि विश्वासाचा माणूस मिळत नाही. मतदान सातला असेल तर साडेपाचला हजर. अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं, किमान ५० मतं टाकून. कुणाला किती टाकली ते कागदावर मांडायचं, यंत्राच्या आकड्याशी आणि चिठ्ठ्यांशी ताळा करायचा. मग सगळ्यात महत्त्वाचं: ती मतं यंत्रातून पुसली का, हे स्वतः बघायचं. एकूण शून्य दिसल्याशिवाय सीलवर सही करायची नाही. घाईत पुसायचं राहून गेलं तर मतमोजणीच्या दिवशी त्या बूथचा आकडा जुळत नाही आणि अफवांना खाद्य मिळतं. संध्याकाळी शेवटचा मतदार झाला की 'क्लोज' दाबतात, एकूण आकडा येतो, तो नमुना १७-सी मध्ये भरतात. त्याची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. दिवसभर वडे खाल्ले आणि प्रत न घेता घरी गेले, असे प्रतिनिधी भरपूर. ईव्हीएमवर रात्रभर कमेंट करणाऱ्यांतल्या किती जणांनी ही प्रत हातात धरलीय, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

गावात असाल तर ग्रामसभा. वर्षाला किमान चार. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी ती. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस जणांत आराखडा मंजूर. वीस-पंचवीस तरुण नियमानं बसू लागले की हे गणित बिघडतं. जाण्याआधी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च बघून जा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२५-२६ पर्यंतच्या) पैशातला ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता. गटार कागदावर झालं आणि गल्लीत नाही, हे तिथेच पकडता येतं. ठराव झाला की सभा उठायच्या आत प्रोसिडिंगमध्ये लिहून वाचून दाखवायला सांगा. उद्या लिहू म्हटलं की उद्या काय लिहिलं जाईल ते सांगता येत नाही.

उभं राहायचं असेल तर वय २१ पुरे, विधानसभेसारखं २५ नाही. ग्रामपंचायतीला अनामत खुल्या प्रवर्गाला ५०० रुपये, राखीव प्रवर्गाला १००. पोरांचे अर्ज छाननीत उडतात ते पैशावरून नव्हे. राखीव जागेवर जातपडताळणीचा प्रस्ताव दाखल केल्याची पावतीच नसते. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी राहते. आणि सगळ्यात बेसावध गाठणारी गोष्ट म्हणजे सरकारी जागेवरचं अतिक्रमण. आजोबांनी गायरानात घर बांधलं आणि तुम्ही त्यात राहता, तर 'मी कुठे केलंय' म्हणून सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसा निवाडा दिलाय. अर्ज भरायच्या आधी घराचा आठ-अ आणि जागेचा उतारा काढून बघा.

हरलात तरी एक काम उरतं. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब तहसीलला द्यायचा, खर्च हजार रुपये असला तरी. हरलेली पोरं तोंड लपवून बसतात, हिशेब राहतो, आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रतेची नोटीस येते. म्हणजे पुढची निवडणूकही गेली. हिशेब दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या आणि फाईलला लावून ठेवा.