अंजन गवत आणि तुमचं 'गुगल'

नमस्कार साहेब,

कोरडवाहू माळावर चाऱ्यासाठी अंजन गवत लावा, असं मी लेखात लिहिलं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पाभरीनं (पेरणीच्या अवजारानं) पेरलेलं बी उगवलं नाही, ऑस्ट्रेलियात हेच गवत तण ठरलंय, आणि 'गुगलवर वाचून शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका'. पहिल्या दोहोंचं मला काही वाटलं नाही. तिसरं वाक्य लागलं.

माझं गाव माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी खिलारी बैलजोडी मिळेल त्या भावाला विकली. मागं राहिली मेंढरं, आणि ती वळायला मी. कुसळी गवत निसवलं, म्हणजे त्याला तुरे आले, की मेंढरू त्याला तोंड लावत नाही, कुसळं लोकरीतून थेट कातड्यात घुसतात, हे मला कुणी स्क्रीनवर दाखवलेलं नाही. बांधावरचं अंजन वाळून पिवळं पडलं तरी जनावर ते खातं, आणि वळवाची एक सर आली की त्याच जुन्या ठोंबातून हिरवे कोंब फुटतात. हे बघितलं तेव्हा गुगल कुठं होतं हो? मतभेद असू द्या, पण ज्याला ओळखत नाही त्याची लायकी काढायची ही कुठली रीत?

एक मात्र मान्य. विहिरीला बारमाही पाणी असेल तर नेपिअर हे चाऱ्याचं गवतच लावा, उत्पादनात अंजन त्याच्या आसपासही फिरकणार नाही. पण मी लिहिलं ते मुरमाड माळाबद्दल. मथळ्यातच 'कोरडवाहू' आहे, तेवढं वाचायला हरकत नव्हती.

उगवणीचं सगळं लेखात आहे. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, म्हणून काही महिने साठवलेलं वापरायचं. बी हलकं, केसाळ. ओलसर मातीत कालवून टाकायचं, हेक्टरी ४ ते ५ किलो, आणि वर माती जेमतेम १ सेंटिमीटर. तुम्ही ज्वारीसारखं खोल पेरलंत, त्यात गवताचा काय दोष? पहिल्या वर्षी जनावरं सोडू नका, असंही लिहिलं होतं. त्यावर तुम्ही गप्प आहात, म्हणजे काय झालं असेल ते कळलं.

ऑस्ट्रेलियात ते उंटांच्या खोगिरांच्या भरावातून गेलेलं परकं गवत. आपल्याकडे ते मूळचं. जोधपूरच्या काझरीनं (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं) त्याचे वाण काढले, ते काय रानात तण माजवायला? असो.

पावसाळ्याआधी बी लागलं तर कळवा. राग आहे, तरी देईन. पाभर तेवढी घरी ठेवा.