खुलासा: अकरा जणांचा तो मेसेज

‘रोमकरांस पत्र ५:१ नुसार ४० दिवस उपास करा, हा मेसेज ११ जणांना पाठवा, तरच देवाशी समेट होईल.’ वेंगुर्ला-मालवणच्या ग्रुपांवर हा फिरतोय. काल मीही पुढे ढकलला, चूक झाली.

रात्री आईचं बायबल काढलं. पावसाळी दमटाने पानं चिकटलेली, नखाने सोडवली. त्या वचनात उपासही नाही, आकडाही नाही. विश्वासाने नीतिमान ठरल्यामुळे ख्रिस्ताच्या द्वारे देवाबरोबर शांती, एवढंच आहे. बायबलमधलंच दुसरं पत्र, इफिसकरांस २:८-९ तर स्पष्टच सांगतं: तारण (पापातून सुटका) कृपेने, देवाचं दान, कर्मांनी नव्हे.

ईस्टरआधीच्या उपासकाळातले उपास खुशाल करा, मीही करतो. पण ती शांतीची किंमत नव्हे. माझ्याकडून मेसेज गेलेल्यांनी तो डिलीट करा, पुढे पाठवू नका.